भाजलेल्या लाकडाचा वास

लग्न होऊन ती त्या घरात आली, तेव्हा सासऱ्यांच्या तोंडून तिनं ऐकलेला पहिला शब्द होता "दमानं". तिनं उंबरठ्याकडे पाय उचलला, तोच आतून आवाज आला, "दमानं, सूनबाई. त्या पायरीला कालच वार्निश मारलंय."

सासरे सुतार होते. दारं, खिडक्या, कपाटं, पाळणे करायचे. सगळा गाव त्यांना दमानं सुतारच म्हणायचा. एका मास्तरांनी त्यांच्याकडे पाळणा सांगितला होता, आणि तो तयार झाला तेव्हा पोर स्वतःच्या पायांनी चालत तो न्यायला आलं, अशी गोष्ट लोक सांगायचे. सासऱ्यांना ती कुणी तोंडावर सांगितली तरी राग येत नसे. "मग काय बिघडलं? धाकट्याला झाला की," म्हणायचे.

घरामागच्या छपरात त्यांच्या फळ्यांच्या थप्प्या होत्या. वारा खेळता राहावा म्हणून दोन फळ्यांमध्ये बोटभर जाडीच्या पट्ट्या. एकेक फळी तिथं दोन-दोन, तीन-तीन वर्षं पडून असायची. ऊन नको, पाऊस नको, नुसती सावली आणि वारा. "लाकडाला घाई नसते," ते म्हणायचे. "घाई माणसाला असते, आणि भोगावं लागतं लाकडाला."

आणि त्यांच्या पोटी आलेला मुलगा असा, की चहासुद्धा उभ्यानं प्यायचा. बापाच्या हाताखाली त्यानं थोडे दिवस रंधा मारला आणि मग सरळ वखारीत जाऊन नोकरी धरली. तिथं लाकूड सुकवायची भट्टी होती. भट्टी कसली, विटांची मोठी खोलीच ती. आत पंखे, वाफेचे नळ. बापाच्या छपरात जे काम वर्षांनी व्हायचं, ते तिथं काही आठवड्यांत व्हायचं. त्यावरून बापलेकांचं रोज जेवताना वाजायचं.

"घाईनं सुकवलेलं लाकूड म्हणजे मेलेलं लाकूड."

"आणि तुमच्या छपरातलं काय जिवंत आहे, बाबा? झाड तोडलं तेव्हाच गेलं की ते."

ती दोघांच्या मध्ये बसून वाढायची आणि कुणाकडेच बघायची नाही. ज्याच्याकडे बघावं त्याची बाजू घेतल्यासारखं व्हायचं.

मग वखारीत दुसरी भट्टी आली. ही लोखंडाची होती, लांबच लांब, बोगद्यासारखी, आणि तिचं दार चाक फिरवून बंद करायचं. तिच्यात लाकूड नुसतं सुकत नसे, भाजलं जात असे. आतली हवा काढून वाफ भरायची, म्हणजे लाकूड पेट घेत नाही. आणि मग भाकरीच्या तव्याइतकं तापवायचं. बाहेर येताना पांढऱ्या फळ्या तपकिरी होऊन यायच्या. नवरा त्या भट्टीवर लागला आणि त्याला दुसरं काही सुचेना. घरी आला की तिला समजावत बसायचा.

"लोकांना वाटतं, लाकूड सुकवलं की कुजत नाही. तसं नसतं गं. सुकं आहे तोवर ठीक. पुन्हा पाणी मुरलं की बुरशी आलीच, मग ते भट्टीत सुकवलेलं असो नाहीतर बाबांच्या छपरात. बुरशीला काय, ताट वाढलेलंच असतं. पण ह्या भट्टीत भाजलं ना, की तिच्या ताटातलंच करपून जातं. शिवाय हे लाकूड पहिल्यासारखं पाणीही पीत नाही."

"म्हणजे माझी करपलेली भाजी आता कधी नासायची नाही म्हणा."

"नासायची नाही. पण खाणार कोण?"

त्याच आठवड्यात त्यानं एक भाजलेली फळी घरी आणली, बापाला दाखवायला. म्हाताऱ्यानं ती हातात घेतली, बोटाच्या पेरानं वाजवली, नाकाशी धरली.

"मडक्यासारखी वाजतेय. आणि वास जळक्या साखरेचा. लाकडाला लाकडाचा वास यावा."

"बाबा, हे कुजत नाही."

"हो का," म्हातारा म्हणाला, आणि फळी भिंतीला टेकवून उठला.

दुसऱ्या दिवशी ती फळी मोरीत होती. पाण्याचं मोठं पिंप दोन फळ्यांवर ठेवलेलं असे. त्यातली एक म्हाताऱ्याच्या छपरातली होती. दुसरी काढून त्यानं तिथं मुलाची सरकवली होती. नवरा अंघोळीला म्हणून आत गेला, तेव्हा ती बाहेर चुलीपाशीच होती. बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही. तिनं डोकावून पाहिलं तर तो तांब्या हातात धरून नुसता उभा होता, खाली बघत. मग त्यानं अंघोळ केली, डबा घेतला आणि कामावर गेला. बापाला एका शब्दानं बोलला नाही. त्या दिवसापासून जेवतानाची भांडणं थांबली, आणि घरात जी शांतता आली तिच्यापेक्षा ती भांडणं परवडली असती.

पुढच्या हिवाळ्यात तो गेला.

वखारीचा मालक स्वतः सांगायला आला. दारातच उभा राहिला, आत या म्हटलं तरी येईना. भट्टी थांबवलेली होती. आतल्या मागच्या थप्पीत उष्णता मोजायची तार निसटली होती. ती नीट करायला तो आत शिरला. आग नव्हती, धूरही फारसा नव्हता. पण आत श्वास घेण्याजोगी हवाच उरलेली नव्हती. भट्टी उघडी टाकून हवा खेळू द्यायची असते, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. दुसऱ्यांना तोच सांगायचा. दोन पावलांचं तर काम, असं त्याला वाटलं असणार.

त्याला घरी आणलं तेव्हा अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती. झोपेतून हलवून उठवावा असा होता. तिनं हलवूनही पाहिलं.

म्हातारा रडला नाही. सगळं आटोपून माणसं गेल्यावर तो छपरात गेला, थप्पीतल्या फळ्या एकेक करून खाली उतरवल्या, आणि पट्ट्या घालत पुन्हा एकेक करून वर चढवल्या. काम संपलं तसा आत आला आणि म्हणाला, "चहा कर, सूनबाई." त्यानंतर त्यानं मुलाचा विषय काढला नाही आणि कुणाला काढू दिला नाही.

धाकटी नणंद बसनं दोन तासांच्या अंतरावर दिलेली होती. ती महिनाभर राहिली, वहिनीला माहेरी जायचं असेल तर जा म्हणाली. माहेरी तिचं कुणी राहिलेलं नव्हतं. आणि म्हाताऱ्याकडे काम येईनासं झालं होतं. लोक तयार दारं घेऊ लागले होते, आणि दमानं सुताराचे हातही आता कापू लागले होते. मालक म्हणाला, घरी काही ना काही पाठवत जाईन. ती म्हणाली, पाठवू नका, काम द्या.

म्हाताऱ्याला कळलं तेव्हा त्यानं हातातला पेला खाली ठेवला. "ज्या भट्टीनं माझा पोरगा गिळला, तिथं तू जाणार?"

"चूल पेटायला पाहिजे ना, मामंजी."

"मग जा," तो म्हणाला, आणि तिच्याशी बोलणं सोडलं. सोडलं म्हणजे अगदी सोडलं. घरात एक मांजर होतं, त्याच्यामार्फत कारभार सुरू झाला. "मनी, आमटीत मीठ कमी आहे म्हणावं." "मनी, छपराला कडी घालायची राहिलीय कुणाची तरी." त्या मांजराला जन्मात इतकी कामं लागली नसतील. तीही मग मांजराकडे बघूनच उत्तर द्यायची.

वखारीत आधी तिला फळ्या रचायला लावलं. तिथंही फळ्यांत पट्ट्याच घालायच्या होत्या. ते ती घरी बघून बघून शिकली होती. मग विटांच्या भट्टीवरचा माणूस काम सोडून गेला आणि मालकानं तिला तिथं उभं केलं. तिला वाटलं होतं, भट्टी म्हणजे घाई. पण काम हातात आल्यावर दिसलं, की इथंही घाई केली की संपलं. आच एकदम वाढवली तर फळी वरून कोरडी ठणठणीत आणि आत ओलीच राहते, आणि मग ताणानं आतून फाटते. आज जरा, उद्या जरा, मध्येच वाफ सोडून वरचा पापुद्रा मऊ करायचा, पुन्हा जरा. एकदा एक जण दार लवकर उघडायला निघाला, तेव्हा तिच्या तोंडून "दमानं" निघून गेलं. आपल्याच तोंडातून सासऱ्यांचा शब्द ऐकून तिला कसंसंच झालं.

एकदा भट्टीच्या एका भरतीतल्या सगळ्या फळ्यांना टोकाशी तडे गेले. तिच्या जिवाला लागलं. घरी आल्यावर ती मांजराला म्हणाली, "मने, काय चुकलं काही कळत नाही. मध्ये फळी चांगली आहे, आणि टोकं मात्र फाटलीत."

म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता. बऱ्याच वेळानं भिंत बोलावी तसा आवाज आला. "टोकांना रंग फास. नाहीतर मेण लाव. पाणी टोकाकडून आधी पळतं. मधलं मागं राहतं, आणि मग ओढाताण होते."

"बरं," ती म्हणाली. मांजराला नाही, त्यांना.

तिनं टोकं रंगवली, पुढची भरती नीट उतरली. तसं तिनं घरी येऊन सांगितलं. म्हाताऱ्यानं "हं" केलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत घालता का? नाहीतर फळीला पीळ पडतो." तिथून बोलणं सुरू झालं. लाकडाचंच बोलायची दोघं, दुसरं काही नाही. पण बोलायची.

पुढे लोखंडी भट्टीही तिच्याकडे आली. मालकानं दोनदा विचारलं, जमेल का म्हणून. ती जमेल म्हणाली. पहिल्या दिवशी तिनं दार पूर्ण उघडून टाकलं, भट्टी थंड होऊन हवा खेळेपर्यंत समोर दगडावर बसून राहिली, आणि मग ज्या ठिकाणी तो पडला होता तिथपर्यंत चालत गेली. तिथं काही नव्हतं. लोखंडाची जमीन होती. ती तशीच बाहेर आली आणि कामाला लागली.

त्या भट्टीचा वास मात्र अंगाला चिकटून यायचा. जळकी साखर, त्यात धुराची आंबूस छटा. केस दोनदा धुतले तरी जायचा नाही. नवऱ्याच्या अंगाला यायचा तोच वास. पहिल्या दिवसांत तिला स्वतःच्या उशीचीही भीती वाटायची. म्हाताऱ्यालाही तो येत असणारच.

अशी बरीच वर्षं गेली. एका सकाळी मोरीत धाडकन आवाज झाला. ती धावली तर पिंप कलंडलेलं, पाणी सगळीकडे, आणि म्हातारा ओल्यात उभा.

"लागलं का, मामंजी?"

"मला नाही लागलं. फळी गेली खालची."

कुठली गेली ते तिनं विचारलं नाही. तिला वाटलं, आता बोलतील. मडक्यासारखं वाजणारं लाकूड, कितीसं टिकणार, असं काहीतरी. तिनं पिंप सरळ केलं आणि वाकून खाली हात घातला. हाताला ओल्या पावासारखा लगदा लागला. पांढरा, दोऱ्यादोऱ्यांचा. ती म्हाताऱ्याची फळी होती, छपरात तीन वर्षं सावलीत सुकवलेली. दुसरी तिच्या शेजारीच होती. वर शेवाळ, साबणाचा थर. तिनं ती ओढून काढली आणि पाण्याखाली धरली. थर निघून गेला तसं खालून तपकिरी लाकूड वर आलं, कडा अजून बोटाला लागतील अशा धारदार.

म्हाताऱ्यानं हात पुढे केला. फळी घेतली, फिरवून पाहिली, नखानं कोरायला गेला, नख शिरेना. मग त्यानं ती नाकाशी धरली, आणि तसाच मोरीच्या ओल्या कट्ट्यावर बसला.

"सांगितलं होतं त्यानं मला," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा "तो" हा शब्द त्या घरात आला होता. ती पाण्यातच खाली बसली.

"म्हणजे मी जे जन्मभर लाकूड थांबवलं, ते फुकटच?"

"फुकट कसं? तुमच्या एका तरी दाराला पीळ पडलाय का? सावकाश सुकवलं म्हणून लाकूड सरळ राहतं. ते कुजणार की नाही, हा हिशेब वेगळा. सतत पाण्यात ठेवलं तर तुमचंही कुजणार आणि आमच्या साध्या भट्टीतलंही. आणि ही फळी कुजायची नाही, पण हिच्यावर वाकडातिकडा भार टाकलात तर काट्कन मोडेल. तुळईला आम्ही ही देतच नाही."

"तोही असंच सांगायचा का? तुला?"

"हो. रोज. झोप येईपर्यंत."

म्हातारा जरासा हसला आणि मग रडू लागला. आवाज न करता, बसल्या जागी, फळी मांडीवर धरून. ती उठली नाही की त्याला उठवलं नाही.

त्यानंतरचं वर्ष त्या घरातलं बरं वर्ष होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीची खालची चौकट पावसानं गेली होती. म्हातारा म्हणाला, आण तुझं ते भाजकं लाकूड, बघतो. सुट्टीच्या दिवशी दोघं छपरात काम करायची. पहिला खिळा ठोकला आणि फळी चिरली. म्हाताऱ्यानं लाकडाच्या सात पिढ्या उद्धारल्या. मग आधी भोक पाडून स्क्रू घालायचं ठरलं. "खिळ्याला चिडतं हे," तो म्हणाला, "त्याच्यासारखंच आहे. आधी समजूत घालावी लागते." हात कापत म्हणून रंधा तिच्याकडे दिला आणि स्वतः मनगट धरून दाखवलं. खिडकी व्हायला पावसाळा उजाडला. पण झाली, आणि अशी झाली की एका बोटानं मिटायची.

मग म्हातारा विसरू लागला. आधी चष्मा, मग वार, मग जेवलो की नाही ते. शेजारीण म्हणाली, वय झालं. तिलाही तसंच वाटलं. एका संध्याकाळी ती कामावरून आली, तेव्हा तो ओट्यावर पाठमोरा बसला होता. तिची चाहूल लागली तसा वळून न बघता म्हणाला,

"आलास?"

तिनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"आलास का रे? बोलत का नाहीस?"

"मामंजी, मी आहे."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. परक्याच्या घरात चुकून शिरलेल्या माणसासारखा त्याचा चेहरा झाला. "तो अजून आला नाही वाटतं," म्हणाला. जेवायला बसेना. चार घास खायचे आणि दाराशी जाऊन यायचं. शेवटी तिनं त्याला बसवून, हात हातात घेऊन सांगितलं, ते नाहीत आता, कधीच गेले. म्हाताऱ्यानं ते असं ऐकलं, जणू आत्ता कुणीतरी दारात येऊन सांगितलंय. सगळं त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा उमटलं. ती बघत होती.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच.

"आलास?"

ती डबा हातात घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. तिचा आवाज काही नवऱ्यासारखा नव्हता. पण म्हाताऱ्याला आवाजाशी देणंघेणं नव्हतं; अंगाचा वास तोच होता.

"आलो," ती म्हणाली.

"उशीर केलास."

"गाडी भरायची होती."

"बरं. हातपाय धू, जेव जा."

एवढंच. म्हातारा निवांत जेवला, निवांत झोपला. ती मोरीत जाऊन पिंपाला धरून उभी राहिली. तिलाही कुणाला तरी दारात "आलात?" म्हणून विचारायचं होतं. ते विचारायची सोय राहिली नव्हती.

मग ते रोजचंच झालं. सकाळी ती सूनबाई असायची, संध्याकाळी मुलगा. कधी नुसत्या चार शब्दांवर भागायचं, कधी म्हातारा बोलत बसायचा. एकदा म्हणाला, "ती फळी मी मोरीत टाकली होती."

"माहीत आहे."

"रागावलास?"

पटकन नाही म्हणावं असं आलं होतं ओठावर. पण तांब्या हातात धरून उभा असलेला तो तिनं स्वतः पाहिला होता. त्याच्या वतीनं खोटं कसं बोलायचं?

"रागावलो नाही. वाईट वाटलं."

"वाटणारच." म्हातारा मान हलवत राहिला. "मी दुसऱ्या दिवशी काढणार होतो ती. पण तू बघितलीस ना, मग काढायची लाज वाटली. असे दिवस गेले." मग म्हणाला, "कुजली नाही रे ती. तुझंच खरं होतं."

म्हाताऱ्यानं तिच्या गुडघ्यावर थाप मारली. "आणि एक सांगतो. तुझ्या बायकोचा हात रंध्यावर चांगला बसलाय. मी म्हणालो म्हणून सांगू नकोस तिला. डोक्यावर बसेल."

"नाही सांगत," ती म्हणाली.

नणंद एकदा अचानक आली आणि नेमकी संध्याकाळी घरात होती. तिनं ते "आलो" ऐकलं. स्वयंपाकघरात येऊन तिनं वहिनीचा दंड धरला. "वहिनी, हे काय चालवलंयस? माझ्या मेलेल्या भावाचं सोंग?"

"मग काय करू, ताई? रोज गेले म्हणून सांगू? एकदा सांगून बघितलं. त्यांच्यासाठी ते नव्यानं मेले. रोज मारू का?"

नणंदेला ते पटलं नाही. आणि पुढच्याच आठवड्यात म्हातारा भर दुपारी मुलाला बघायला म्हणून वखारीकडे निघाला, रस्ता चुकला आणि गटारापाशी पडला. कुणीतरी ओळखून घरी आणला. नणंद म्हणाली, "तू दिवसभर कामावर. बाहेरून कुलूप लावून जाणार का त्यांना?" म्हाताऱ्याला नणंदेनं आपल्या घरी नेलं. जाताना गाडीत बसून त्यानं सगळ्यांना नमस्कार केला.

सुट्टीच्या दिवशी ती बघायला गेली. नणंदेच्या घरी जायचं म्हणून स्वच्छ न्हाली, चांगली साडी नेसली. म्हातारा खुर्चीत बसला होता. तिला बघून सरसावून बसला आणि अदबीनं म्हणाला, "बसा बाई. काही करून घ्यायचं होतं का? जरा वेळ लागेल हं. आमच्याकडे सगळं दमानं असतं."

"चालेल," ती म्हणाली. "मला घाई नाही."

नणंद दारात उभी होती. तिनं सांगितलं, संध्याकाळी फार तगमग होते, दारापासून हलत नाहीत, खात नाहीत. माझ्या नवऱ्यानं एकदा "आलो" म्हणून बघितलं, तर त्याच्या अंगावर काठी उगारली.

त्यानंतर म्हातारा अंथरुणाला खिळला. निरोप आला तेव्हा ती भट्टीवरच होती. होती तशी, कामाचा डगला अंगात, केसांत भुसा, ती बसमध्ये चढली. शेजारी बसलेल्या बाई नाकाला पदर लावून दुसऱ्या जागेवर गेल्या. ती पोचली तेव्हा नणंद चमच्यानं पाणी पाजायचा प्रयत्न करत होती आणि म्हातारा ओठ घट्ट मिटून पडला होता. ती उशाशी जाऊन बसली. थोड्या वेळानं त्याच्या नाकपुड्या हलल्या आणि त्यानं तोंड तिच्याकडे वळवलं.

"आलास?"

तिनं नणंदेकडे पाहिलं. नणंदेनं मान खिडकीकडे वळवली.

"आलो," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं. तिनं नणंदेच्या हातातला चमचा घेतला. तो पाणी प्याला, मग पेज प्याला, आणि तिची बोटं मुठीत धरून झोपला.

स्वयंपाकघरात नणंद पाठ करून भांडी विसळत होती. तशीच म्हणाली, "तुला रोज यायला जमणार नाही."

"नाही जमायचं."

"तो डगला ठेवून जा माझ्याकडे."

वहिनीनं डगला काढून दिला. नणंदेनं तो हातात घेतला, घालून पाहिला. बाह्या लांब झाल्या, त्या दुमडल्या. "काय बोलायचं असतं गं?" तिनं विचारलं. "दादाशी माझं तसं फार बोलणं नव्हतं."

"फार नसतंच. उशीर केलास म्हणतील. काम होतं म्हणायचं."

म्हातारा आणखी थोडे दिवस होता. रोज संध्याकाळी नणंद डगला चढवून खोलीबाहेर जायची आणि पुन्हा आत यायची. एका पहाटे तो झोपेतच गेला. वहिनी पोचेपर्यंत घर माणसांनी भरलं होतं. गर्दी पांगल्यावर नणंदेनं तिला डगला परत दिला, धुऊन, इस्त्री करून, घडी घालून. "धुतला मी," ती म्हणाली. "धुवायला नको होता का?" वहिनी म्हणाली, "असू दे. बरं केलंस."

छपरातलं लाकूड दोघींच्या संमतीनं एका तरुण सुतारानं नेलं. घर तिच्याकडेच राहिलं. नणंदेनं त्याचा विषयही काढला नाही. वखारीतलं काम चालू आहे. मालक थकला, आता त्याची मुलगी बघते, पण भट्टीचं दार कधी उघडायचं ते अजून हीच ठरवते.

सुट्टीच्या दिवशी नणंदेचा फोन येतो. दोघींना बोलायला फारसं काही नसतं.

"जेवलीस का, वहिनी?"

"जेवले. तू?"

"मी पण. काय केलंस?"

"काही नाही. घर झाडलं."

मग बोलणं संपतं, पण फोन कुणीच ठेवत नाही. गेल्या सुट्टीला फोन आला नाही. तिनं दुपारपर्यंत वाट पाहिली, मग स्वतःच लावला. नणंद तापानं पडली होती. आवाज बसला होता, कोण बोलतंय म्हणून विचारत होती.

"मी आहे," ती म्हणाली. "पाच वाजताच्या बसनं येते. दार उघडं ठेव, उठू नकोस."